सालदाराची पोर कविता वाचते

केळीच्या बागेत शिरलं की आधी उजेड कमी होतो. बाहेर फेब्रुवारीअखेरचं ऊन डोळ्यांवर येतंय. आत हिरवा काळोख आहे आणि ठिबकच्या नळ्यांनी माती ओली ठेवली आहे. यावल तालुक्यात, किनगावच्या पुढं, सातपुडा निळा दिसायचा थांबून तपकिरी दिसू लागतो, तिथली ही बाग. जूनमध्ये लावलेली, म्हणजे मृगबाग. ती आता निसवतेय. झाडाझाडातून जांभळं कमळ खाली लोंबतंय आणि त्याच्या वरच्या अंगाला फण्या उलगडतायत. फण्या पुऱ्या झाल्या की कमळ मोडायचं, नाहीतर घडाचं बळ तेच खातं. एक माणूस तेवढंच काम करत ओळीतून पुढं सरकतोय. मोडलं की चीक टपकतो. त्याच्या सदऱ्याचा मूळ रंग कुठला होता ते आता कुणी सांगू शकणार नाही.

तो या बागेचा सालदार. मी जिला भेटायला आलेय तिचा बाप.

मुलगी दोन ओळी सोडून उभी आहे. शाळेचा निळा पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला बांधलेली, हातात खिळा. "ताई, इकडं या," म्हणून ती मला एका खोडाजवळ नेते. खोडावर अक्षरं आहेत. सकाळी कोरलेली अजून हिरवीच. बोट फिरवलं तरच कळतात. कालची तपकिरी झालीत. त्याआधीची काळी. चीक हवेला लागला की आपोआप काळा पडतो, शाई विकत आणावी लागत नाही. चौथीत होती तेव्हापासून ती असं लिहितेय. वहीची पानं शाळेच्या अभ्यासालाच पुरायची नाहीत, म्हणते.

"आणि घड कापल्यावर?"

"खोडपण कापतात. मग जातं."

मला हळहळ वाटते. बाहेरून आलेल्या माणसाला अशा ठिकाणी हळहळ फार लवकर वाटते. तिला वाटत नाही. "पाठ असतं ना!" ती म्हणते आणि खिळा ओढणीच्या टोकाला बांधून टाकते.

बाप बारेला आहे, मूळचा मध्य प्रदेशातला, खरगोन जिल्ह्यातल्या भगवानपुऱ्याकडचा. डोंगर उतरून आला तो आपल्या बापाचं बोट धरून, कापूस वेचायला. वेचणी संपली, माणसं परत गेली, हा राहिला. रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात केळीच्या बागा राखणारी, पाणी देणारी, पील काढणारी कितीतरी घरं अशीच डोंगरापलीकडून आलेली आहेत. मालकाच्या शेतात पत्र्याची एक खोली, शेजारी मोटारीची खोली, वर्षाचा ठरलेला आकडा, त्यातली काही रक्कम आधीच घेतलेली उचल. मुलगी इथंच जन्मली, सरकारी दवाखान्यात. घरात बारेली, बागेत मालकाच्या घरची बोली, बाजारात हिंदी, शाळेत पुस्तकातली मराठी. यातली कुठली भाषा तिची, हे विचारायची मला हिंमत होत नाही. ती तर दर दोन वाक्यांनी भाषा बदलतेय.

कागदोपत्री मात्र ती कुठलीच नाही. महाराष्ट्रात अनुसूचित जमातीचा दाखला काढायचा तर ६ सप्टेंबर १९५०च्या आधी कुटुंब इथं राहत होतं याचा पुरावा लागतो. या घराचा पुरावा डोंगराच्या पलीकडं आहे, आणि पलीकडं आता यांचं घर नाही. दहावीचा फॉर्म भरताना काय लिहायचं, हा शाळेतल्या मॅडमना आत्तापासून पडलेला प्रश्न आहे. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ती कुठली, याचा कागद झाला. ती वाढवणाऱ्याचा व्हायचाय.

"लिहिती है," बाप कमळ मोडता मोडता सांगतो. "काय लिहिते, तिलाच ठाऊक. मला वाचता येत नाही." मग थोडं थांबून, "पण म्हणून दाखवते तेव्हा समजतं."

"आवडतं?"

तो उत्तर देत नाही. पुढच्या झाडाकडं सरकतो.

खोलीत ती वही काढते. उद्या मराठी भाषा गौरव दिन. धुळ्याला शाळांमधल्या मुलांचं कविसंमेलन आहे, मॅडमनी तिचं नाव दिलंय. कवितेचं नाव 'आखाजी'. वही माझ्या हातात न देता स्वतःच धरून ठेवते. मी वाकून वाचायचं. निळ्या शाईत तिची कविता, आणि खाली लाल शाईत, वेगळ्या अक्षरात, दोन जादा ओळी. शिकून मोठी होईन, अंधार दूर करीन, अशा अर्थाच्या.

"या मॅडमच्या?"

"शेवट सकारात्मक पाहिजे, म्हणाल्या. परीक्षकांना आवडतं."

मॅडमची बाजू मला कळते. गेली कित्येक वर्षं शाळांच्या कवितास्पर्धा मी ऐकतेय. झाडं लावा, लेक वाचवा, आई म्हणजे देव, आणि शेवटी उगवणारा सूर्य. मुलं जे बघतात ते लिहीत नाहीत, बक्षीस मिळालेलं ऐकतात आणि तसं लिहितात. मॅडमनी तिला निदान आपलं बघितलेलं लिहू दिलं, हेच पुष्कळ. फक्त सूर्य तेवढा उगवायला लावला.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, हे खानदेशाबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. पण तेवढ्यानं भागत नाही. खानदेशात हा लेकींचा सण. लग्न झालेल्या पोरी माहेरी येतात, निंबाला झोके टांगतात, गौराईची गाणी म्हणतात, पुरणपोळी आणि आंब्याचा रस हाणतात. पुरुष पत्ते कुटतात आणि त्या दिवशी त्यांना कुणी बोलत नाही. पितरांच्या नावानं घागर भरतात. आणि याच आखाजीला सालदाराचं साल संपतं. हिशेब होतो. उचल फिटली असेल आणि मालकाशी पटत नसेल तर सालदार दुसरा मालक बघतो. मालकाला हा नको असेल तर तो दुसरा सालदार बघतो. गावात पोरी येतात त्या दिवशी सालदाराच्या पोरीचं घर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढतं. दोन्ही गोष्टी वर्षानुवर्षं एकाच दिवशी एकाच गावात घडतायत. आखाजीच्या गाण्यांवरचे लेख मी वाचलेत, स्वतः लिहिलेतही. पण झोक्यावरून दिसणारी ती ट्रॉली कुणाच्या लेखात आलेली मला आठवत नाही.

या आखाजीला काय होणार, ते अजून ठरलेलं नाही. बापाला विचारलं तर म्हणतो, "बघू." पोरीला विचारलं तर तीही तेच म्हणते. शाळा बदलली तर दहावी दुसरीकडं, दुसऱ्या मॅडम.

निघताना ती मला अडवते. "तुम्ही लिहिणार आहात ना माझ्यावर?"

"हो."

"माझं नाव नका घालू. नाव मी घालीन, माझ्या कवितेखाली."

कबूल आहे.

*

जळगावच्या स्टँडवर धुळ्याची गाडी लागलेली आहे. मॅडम आणि ती पहाटेच्या गाडीनं विदगावचा तापीचा पूल ओलांडून आल्यात. मॅडमच्या पिशवीत डबा, पाण्याची बाटली आणि घडी घातलेला खादीचा कुर्ता. ऐन वेळी चीक लागलेला ड्रेस नको म्हणून. कंडक्टर येतो. "तीन महिला सन्मान," मॅडम सांगतात. २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे आणि योजनेचं हे भारदस्त नाव आता इतकं रुळलंय की कुणी अर्धं तिकीट म्हणतच नाही. कंडक्टर अहिराणी. पोरीकडं बघून विचारतो, "काब्बं, शाळा बुडाई का काय?"

"कविता वाचाले चालनू," ती त्याच्याच बोलीत सांगते.

"मंग आठेच म्हन ना एक!"

ती मान हलवते. कंडक्टर तिकिटं फाडून पुढं जातो, पण मागं वळून एकदा बघतो.

गाडी पाळधीला येते. मॅडम खिडकीतून उजवीकडं बोट दाखवतात. "इथून धरणगाव. बालकवींचं गाव." मग त्या शिक्षकाच्या सुरात सुरू होतात, आणि मला मात्र ऐकायला बरं वाटतं, कारण माहिती पक्की आहे. त्र्यंबक बापूजी ठोमरे, जन्म १८९०. वडील पोलीस खात्यात, बदल्यांमुळं घर सारखं फिरतं. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं, महाराष्ट्रातलं पहिलं. अध्यक्ष डॉक्टर कीर्तिकर. तिथं या पोरानं कविता म्हटली आणि अध्यक्षांनी त्याला 'बालकवी' म्हटलं. ते नाव कायमचं चिकटलं.

"किती वर्षांचा होता?" पोर विचारते.

"सतरा. तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा."

"आणि नंतर?"

मॅडम जरा थांबतात. १९१८ साली, भादली स्टेशनजवळ, रेल्वेखाली. वय अठ्ठावीससुद्धा पूर्ण नव्हतं. भादली इथून मागं राहिलं, भुसावळच्या वाटेला. पोर काही बोलत नाही. थोड्या वेळानं म्हणते, "पण सतराव्या वर्षी त्याला कुणी ओळी जोडून दिल्या नसतील."

मॅडम खिडकीबाहेर बघतात. मी हसू दाबते.

एरंडोलपर्यंत रस्ता चौपदरी आहे आणि गाडी बऱ्यापैकी पळतेय. वही मांडीवर उघडून ती ओठ हलवत पाठ करते. मॅडम बहिणाबाईंची गोष्ट काढतात. खानदेशात कवितेचं नाव निघालं की ती निघणारच. आसोद्याची मुलगी, तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावच्या चौधरीवाड्यात आली. अक्षरओळख नाही. जात्यावर, शेतात, जाता येता ओव्या रचायच्या. मुलगा सोपानदेव आणि घरातली आणखी माणसं त्या लिहून घ्यायची. १९५१मध्ये त्या गेल्या, मग सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक आलं. आज विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. "लिहिता येत नसून एवढं केलं," मॅडम म्हणतात. "तुला तर लिहिता येतं."

पोर विचार करते. "त्यांचं स्वतःचं शेत होतं ना, मॅडम?"

"हो. चौधरी म्हणजे... हो, होतं."

"मग ठीक आहे," ती म्हणते आणि पुन्हा वहीत डोकं घालते.

एवढ्या चार शब्दांत बहिणाबाईंवर कुणी बोललेलं मी ऐकलेलं नाही. तक्रार नाही, अनादर नाही. आपल्या पायाखाली कोण कुठं उभं आहे, याची फक्त नोंद. पेरलेलं उगवतं हे बघायला दुसऱ्या हंगामातही त्याच बांधावर असावं लागतं. बहिणाबाईंचं दुःख मोठं होतं, वैधव्य लवकर आलं, घरची ओढाताण झाली. पण बांध जागेवर होता.

पारोळ्याला गाडी थांबते. इथून अमळनेरला फाटा आहे. २०२४ साली अमळनेरला ९७वं साहित्य संमेलन झालं, त्याच दिवसांत त्याच गावात विद्रोही संमेलनही झालं. मॅडम तेव्हा शाळेतली मुलं घेऊन गेल्या होत्या. एकीकडं मांडव मोठा, दुसरीकडं गाणी जास्त, असं पोरीच्या लक्षात राहिलंय. पुस्तकं महाग होती. एका ठिकाणी मॅडमनी वाहरू सोनवण्यांच्या कवितांच्या झेरॉक्स घेऊन दिल्या. त्या अजून तिच्या दप्तरात आहेत.

पारोळा सुटतं आणि ती एकदम पेन मागते. एक ओळ खोडते.

"काय खोडलंस?" मॅडम घाबरून विचारतात. ऐन वेळचे बदल म्हणजे मंचावर अडखळणं, हा त्यांचा अनुभव.

"मायच्या डोळ्यांत पाणी."

"अगं, तीच तर चांगली ओळ होती!"

"माय रडत नाही, मॅडम. ती कोंबड्या मोजते. मागच्या वेळी एक राहून गेली होती, तेव्हापासून दर वेळी मोजते."

मॅडम माझ्याकडं बघतात. मी काही बोलत नाही, पण मला ती ओळ आत्ताच, गाडीच्या हादऱ्यात, कविता झालेली दिसतेय. डोळ्यांतलं पाणी तिनं पाठ्यपुस्तकातून आणलं होतं. कोंबड्या घरच्या आहेत.

*

धुळं तिला विचित्र वाटतं. ब्रिटिश अमलाच्या सुरुवातीला कॅप्टन ब्रिग्जनं पेठ आखली ती सरळ रेघांत, म्हणून जुन्या शहरात गल्ल्यांना नंबर आहेत. गल्ली नंबर दोन, तीन, चार. आग्रा रोडवरून जाताना ती पाट्या मोठ्यानं वाचते. "पत्ता सांगायला सोपं," ती म्हणते. आमचा कसा सांगायचा, हे मागोमाग तिचं तीच सांगते: अमक्या भाऊंचं केळीचं शेत, नाल्याच्या अलीकडं, मोटारीची खोली.

याच गावच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा दर रविवारी गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते टिपून घेतलं. 'गीताप्रवचने' झाली ती तशी. खानदेशानं असे लिहून घेणारे पुष्कळ दिले. सोपानदेवांनी आईचं लिहून घेतलं, गुरुजींनी विनोबांचं. माझ्या शेजारून चालणाऱ्या पोरीचं मात्र कुणी लिहून घेत नाहीये. आणि जे लिहून देतात ते तिला नकोय.

सभागृह शाळेचंच आहे. पंखे कुरकुरतायत, मागच्या भिंतीवर कुसुमाग्रजांचा फोटो, त्याला झेंडूचा हार. पोरं दाटीवाटीनं बसलेली. माइक दर तिसऱ्या शब्दाला शिट्टी मारतो. परीक्षक तिघे, एक पेंगतायत, पण टाळी बरोबर वेळेवर वाजवतात, हे कसब दीर्घ अनुभवाशिवाय येत नाही.

कविता सुरू होतात. माय, माती, मराठी. एका मुलाची शेतकऱ्याच्या आत्महत्येवर, घशाच्या शिरा ताणून. एका मुलीची मोबाइलवर, मजेदार. पोरं खळखळून हसतात. मग उर्दू शाळेतली एक मुलगी येते, डोक्यावर पांढरा रुमाल, आणि मराठीत वाचते. बाप यंत्रमागावर आहे. तिची कविता त्या खटखटीवर आहे: घरात सगळे मोठ्यानं का बोलतात, पाहुणे आम्हाला भांडखोर का समजतात, आणि सुट्टीच्या दिवशी माग बंद असला की अब्बांना झोप का लागत नाही. धुळ्यातली मागवाली कितीतरी घरं पिढ्यांपूर्वी उत्तरेतून आलेली. आता त्यांना कुणी बाहेरचं म्हणत नाही. निदान रोज तरी म्हणत नाही. आमची पोर पुढं झुकून ऐकतेय. कविता संपल्यावर ती टाळ्या वाजवायला विसरते. ती मुलगी जागेवर परतताना हिच्या शेजारून जाते तेव्हा ही तिचा हात धरते आणि विचारते, "अब्बांचं खरंय?" ती म्हणते, "एकदम खरं." दोघी हसतात.

मग निवेदकाचा आवाज चढतो. "आणि आता, सातपुड्याच्या कुशीतून, दऱ्याखोऱ्यांतून आलेलं एक रानफूल..."

मॅडम कपाळाला हात लावतात. पोर खादीचा कुर्ता नीट करते, उठते आणि माझ्या कानाशी म्हणते, "मी बागेतून आलेय. दरी कुठंय तिकडं?"

दप्तरातल्या झेरॉक्स मला आठवतात. वाहरू सोनवणे शहाद्याचे. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यातच, नंदुरबार वेगळा जिल्हा झाला तो १९९८ साली. १९८७च्या 'गोधड'नं भिल कवी म्हणून त्यांची ओळख झाली, आणि त्यांची 'स्टेज' नावाची कविता पुढं दूरवर पोचली. आम्ही मंचावर गेलोच नाही, आमचंच दुःख दुसरे आम्हाला सांगत राहिले, अशा आशयाची. निवेदकाला ती ठाऊक असण्याचं कारण नाही. तो प्रेमानंच बोलतोय. रानफूल म्हणण्यात त्याला काही खुपत नाही, आणि सभागृहात टाळ्याही पडतात.

ती माइकजवळ जाते. माइक शिट्टी मारतो. ती एक पाऊल मागं सरकते, माइकशिवाय बोलते. बागेत बापाला लांबून हाक मारायची सवय. आवाज शेवटच्या बाकापर्यंत सहज जातो.

*आखाजीला गावातल्या लेकी माहेरी येतात,*
*निंबाला झोके बांधतात.*
*आमच्या दारातली दोरी त्याच दिवशी सुटते,*
*कपडे वाळवायची.*

*माय विचारते, चूल मोडू का?*
*बाप म्हणतो, राहू दे,*
*जी बाई येईल तिला होईल.*

*ट्रॉलीत आधी भांडी, मग गोधड्या,*
*मग भाऊ, मग मी.*
*माय कोंबड्या मोजते.*

*मी विचारलं, मायचं माहेर कुठं?*
*बाप म्हणाला, डोंगराच्या पलीकडं.*
*मग माझं?*
*ट्रॅक्टर सुरू झाला,*
*कुणाला ऐकू गेलं नाही.*

ती थांबते. मॅडमचे ओठ हलतायत. लाल शाईतल्या दोन ओळी त्या न कळत म्हणतायत, पाठ विसरलेल्या मुलाला आई सुचवते तशा. पोर त्यांच्याकडं बघते. विसरलेली नाही, हे तिच्या बघण्यावरून स्पष्ट कळतं. नमस्कार करते आणि खाली उतरते.

टाळ्या लगेच येत नाहीत. कविता संपली की नाही, हेच सभागृहाला समजलेलं नाही. सूर्य उगवला नाही ना. मग उर्दू शाळेच्या बाकावरून सुरुवात होते आणि मागून सगळे. पेंगणारे परीक्षक जागे झालेत आणि शेजारच्याला विचारतायत, "शेवट राहिला का?"

मॅडम रागावल्यात. तिला जवळ बसवून, आवाज दाबून विचारतात, "का सोडल्यास? किती बसवून घेतल्या होत्या!"

"मॅडम, त्या तुमच्या होत्या."

"माझ्या होत्या म्हणून काय झालं? चांगल्या नव्हत्या?"

"चांगल्या होत्या. पण ट्रॅक्टरच्या आवाजात त्या ऐकू कशा येतील?"

मॅडम काहीतरी बोलायला तोंड उघडतात आणि मिटतात. पुढची कविता सुरू होते, तिच्यात तिरंगा आहे. दोनतीन कडव्यांनंतर त्या पर्समधून रुमाल काढतात, नाक पुसतात आणि पोरीच्या पाठीवर एक हलकी चापट मारतात. राग गेलेला नाही. पण कुठल्या गोष्टीचा होता, ते आता त्यांनाही नीट ठाऊक नसावं.

निकाल लागतो. पहिला नंबर शिरा ताणणाऱ्या मुलाचा, दुसरा मोबाइलवालीचा, तिसरा मराठी मायबोलीच्या कवितेचा. मागवाल्याची पोर आणि सालदाराची पोर दोघींना उत्तेजनार्थ. प्रमाणपत्र, एक पेन आणि एक पुस्तक. परीक्षक मनोगतात म्हणतात की काही कविता चांगल्या होत्या, पण त्यांनी आशेचा संदेश द्यायला हवा होता. ते कुणाविषयी बोलतायत हे सगळ्यांना कळतं, कारण ते तिच्याकडं बघत बोलतायत.

संध्याकाळी जळगावची गाडी गच्च भरलेली आहे. मॅडमना कशीबशी जागा मिळते, आम्ही दोघी उभ्या. पोरीला निकालाचं फारसं काही वाटलेलं दिसत नाही. पण पहिल्या नंबरची कविता तिच्या डोक्यातून जात नाही. फागण्याच्या पुढं गेल्यावर ती बोलायला लागते ती थांबतच नाही. पहिलं कडवं बरं होतं, फाशीचा दोर बैलाच्या दावणीचा होता, हे त्यानं खरं बघितलेलं आहे. पण दुसऱ्या कडव्यात 'भद्र'ला जुळवायला त्यानं चंद्र आणला. "दुपारी मेला ना त्याचा काका? तोच म्हणाला की. मग चंद्र कुठून आला?" आणि शेवटी जय जवान जय किसान. "मी त्याला सांगितलं."

"कधी?" मॅडम सीटवरून वळून विचारतात.

"तुम्ही चहा घेत होता तेव्हा. दावणीच्या दोरावरच थांबव म्हटलं."

"मग? भांडला?"

"नाही. वही काढून दिली, खोड म्हणाला. मी म्हटलं तूच खोड."

मॅडम डबा उघडून एक मेथीची पोळी तिच्या हातात देतात आणि आधी खाऊन घे म्हणतात. ती खांबाला धरून उभ्याउभ्या खाते आणि भरल्या तोंडानं तिसऱ्या नंबरच्या कवितेकडं वळते.